बकेटातला माणूस आणि वरची तार



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या कार्यक्षेत्रात एक काम हटकून निघते. फडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुबाभळीच्या फांद्या विजेच्या तारांना टेकलेल्या असतात, कुठे दोन खांबांमधली तार लोंबून भरलेल्या ट्रॉलीला घासेल इतकी खाली आलेली असते. वायरमनला निरोप जातो. तो आज येतो, उद्या येतो. इकडे तोडीचा कार्यक्रम लागलेला, टोळी येऊन बसलेली, मुकादम डोक्यावर. मग कोणीतरी जेसीबीवाल्याला फोन करतो. गावातला एखादा धाडसी पोरगा कोयता घेऊन पुढच्या बकेटात उभा राहतो. बकेट वर जातो आणि खाली जमलेली मंडळी मान वर करून सूचना देतात, "जरा डावीकडं घे, आणखी वर घे." कोणी विचारलेच की लाइट बंद आहे का, तर उत्तर ठरलेले असते, "डीपीचा फ्यूज काढलाय की. काय होत नाय."

हे "काय होत नाय" आम्हांला या वेळी जरा सविस्तर तपासायचे आहे. कारण बकेटात उभा राहणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच सभासदाचा मुलगा, नाहीतर त्याच्या वाट्याचा गडी असतो, आणि काम आपल्याच उसासाठी चाललेले असते.

पहिली गोष्ट डीपीच्या फ्यूजची. डीपीच्या पेटीतला फ्यूज काढला म्हणजे तिथून खाली मोटारींकडे जाणारी ४४० व्होल्टची लाइन बंद झाली. डीपीला वीज आणणाऱ्या वरच्या तीन तारा त्याने बंद होत नाहीत. आपल्याकडे त्या ११ हजार व्होल्टच्या आहेत, काही जिल्ह्यांत २२ हजारांच्या, आणि उपकेंद्राकडे जाणाऱ्या ३३ हजारांच्या. पुष्कळ ठिकाणी एकाच खांबावर वर मोठी लाइन आणि खाली लहान लाइन असते. खालच्या चार-पाच तारा मेल्या आणि वरच्या तीन जिवंत आहेत, हे जमिनीवरून बघून कोणालाही कळत नाही. तारेला रंग नसतो, आवाज नसतो. आणि ११ हजारांच्या तारेला अंग लागायलाच पाहिजे असेही नाही. अगदी जवळ गेले की ती मधल्या हवेतून ठिणगी टाकते. ओली फांदी, धुके, दव असेल तर धोका आणखी वाढतो.

आता "लाइट गेलीय, तेवढ्यात उरकून घ्या" म्हणणाऱ्यांसाठी. लाइट जाणे आणि लाइन बंद असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फीडर ट्रिप झाला तर उपकेंद्रावरचा माणूस दोष गेला की नाही हे बघायला लाइन पुन्हा चार्ज करून पाहतो. त्याला काय ठाऊक की इकडे सुबाभळीत कोणी उभा आहे? शिवाय शेजारच्याने जनरेटर लावला आणि त्याचा चेंजओव्हर नीट नसेल, तर तीच वीज उलटी जाऊन डीपीतून चढते आणि मेलेल्या तारा जिवंत करते. म्हणून वीज खात्यात जुना रिवाज आहे. उपकेंद्रातून रीतसर परमिट घ्यायचे, एबी स्विच उघडून त्याला कुलूप लावायचे, लाइन मेली आहे याची खातरजमा करायची, आणि मग काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून ठेवायच्या. हे अर्थिंग केल्याशिवाय शहाणा लाइनमन तारेला हात लावत नाही. आणि ज्याच्या नावाने परमिट निघाले, त्यानेच ते परत केल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. फोनवर "बंद केलीय, चढा" एवढ्यावर जो चढतो तो स्वतःचा जीव दुसऱ्याच्या आठवणीवर टांगतो.

कोणी म्हणेल, वीज खात्याचे लोकसुद्धा बकेटात उभे राहूनच काम करतात, आम्ही केले तर काय बिघडले? बरोबर आहे, पण त्या गाडीचा बकेट आणि जेसीबीचा बकेट यांत फक्त नावाचे साम्य आहे. लाइनच्या कामासाठी केलेल्या गाडीचा वरचा हात फायबर ग्लासचा असतो, पाळणाही तसाच. त्यातून वीज जमिनीकडे उतरू नये अशी ती रचना असते. जेसीबी नखशिखांत लोखंडाचा. त्याचा बकेट तारेला टेकला तर तार सरळ जमिनीला जोडली गेली, आणि मधल्या वाटेवर आपला माणूस उभा. माती उचलायच्या बकेटात माणूस उचलू नये, हे यंत्र बनवणारेही बजावून सांगतात, आणि तेही विजेचा प्रश्न बाजूला ठेवून. हायड्रॉलिकचा पाइप फुटला किंवा लिव्हरला हात लागला की बकेट उलटतो. त्याला धरायला कठडा नाही, कमरेचा पट्टा अडकवायला कडी नाही.

आणि ती खास गाडीसुद्धा सर्वरक्षक नव्हे. तारेवर पक्षी बसतो, त्याला काही होत नाही. पण वटवाघूळ दोन तारांना एकदम शिवते आणि तिथेच लोंबकळून राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फायबरच्या हातामुळे पाळण्यातला माणूस पक्ष्यासारखा जमिनीपासून तुटलेला असतो एवढेच. त्याने एक तार आणि दुसरी तार, किंवा एक तार आणि खांबाची लोखंडी कैची एकदम शिवली, तर त्याचे वटवाघूळ होते. फायबरला तडा गेला, धूळ-चिखल चढला, ओल धरली की तो हातही वीज वाहू लागतो. म्हणून त्या हाताची ठराविक मुदतीने विजेच्या दाबाखाली चाचणी घ्यायची असते. गावच्या किंवा नगरपालिकेच्या दिव्यांसाठी जी गाडी येते तिचा हात दिसायला तसाच, पण निव्वळ लोखंडी असू शकतो. रंग पाहून फायबर ठरवू नये. कारखान्याने अशी एक गाडी भाड्याने आणून फांद्या तोडून द्याव्यात अशी सूचना काही सभासद करतात. सूचना चांगल्या मनाची आहे, पण गाडी आली आणि परमिट नाही, शिकलेला माणूस नाही, तर आपण जेसीबीपेक्षा उंच चढून मरायची सोय केली एवढेच होईल. गाडी आणायची तर वीज कंपनीच्या माणसांसह आणि लाइन बंद करून, असे आमचे मत आहे.

आता उसाच्या भरीकडे वळू. कारण बकेटाचा प्रसंग हंगामात दोन-चार वेळा येतो, भरलेली गाडी मात्र रोज तारांखालून जाते.

आपण एक हिशेब करून बघू. भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये आले, तेव्हापासून तारांच्या उंचीचे माप ठरलेले आहे. शेतातून जाणारी लहान लाइन आणि ११ हजारांची लाइन जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट. त्यापुढे ३३ हजारांपर्यंत ५.२ मीटर, म्हणजे १७ फूट. रस्ता ओलांडताना लहान लाइन ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट, आणि मोठी ६.१ मीटर, म्हणजे २० फूट. दुसऱ्या बाजूला मालवाहू गाडीची उंची कायद्याने चार मीटरच्या आसपास बांधलेली आहे, म्हणजे १३ फूट. म्हणजे तार नियमात आणि भरही नियमात असली, तरी शेतात दोघांमध्ये उरले दोन फूट. आता त्या भरीवर दोर आवळायला, मोळ्या रचायला माणूस चढतो. साडेपाच फुटांचा माणूस १३ फुटांवर उभा राहिला की त्याचे डोके साडेअठरा फुटांवर. शेतातली नियमातली तार त्याच्या मांडीला लागते! रस्त्यावरची तार डोक्यावरून जाईल, पण त्याने हात वर केला, हातात कोयता किंवा साखळी असली, तर तीही गेली. हे सगळे नियम पाळून. आपल्या गाड्या नियमात भरतात का, हे आम्ही लिहायची गरज नाही. वजनकाट्याच्या रांगेत उभे राहून कोणीही बघावे.

यातला बराच दोष कोणा एकाचा नाही. आपल्या बऱ्याच लाइना १९६० नंतर, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर, शेतीपंपांसाठी टाकल्या गेल्या. तेव्हा ऊस बैलगाडीतून जायचा. गाडीवान जू धरून बसायचा आणि भर त्याच्या डोक्यापेक्षा फार वर जायची नाही. पुढे ट्रॅक्टर आला, दोन-दोन ट्रॉल्या आल्या, ट्रक आले, आता ऊसतोडणी यंत्र आणि त्याच्या शेजारून चालणारी उंच पेटी आली. खांब तेच राहिले. उलट काळ्या रानात ते कलले, दोन खांबांमधली तार उन्हाने आणि वयाने सैल झाली. खाली रस्त्यावर मुरूम पडला, खडी पडली, डांबराचे थरावर थर चढले. रस्ता एक फूट वर आला म्हणजे तार एक फूट खाली आली, हे रस्त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शेतात आपणही तेच करतो. गाळाची माती ओढतो, मळीचे ढीग घालतो, सपाटीकरण करतो, आणि तारेखालची जमीन चढत जाते.

आणखी एक बदल नवा आहे. तो चांगला आहे, म्हणूनच त्याबद्दल बेसावध राहायला होते. शेतीची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत यायची. दारे धरायला रात्री जावे लागायचे आणि त्याबद्दल आपण सर्वांनी शिव्या घातल्या. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जिथे सौर प्रकल्प उभे राहिले तिथे दिवसा वीज मिळू लागली आहे. त्याचा अर्थ असा की जी तार फड भरण्याच्या वेळी पुष्कळदा बंद असायची, ती आता नेमकी टोळी कामावर असताना चालू असते. बाहेरगावाहून, बीडकडून, नगरकडून आलेल्या टोळीला आपल्या शिवारातले वेळापत्रक माहीत नसते. ते सांगणे मालकाचे काम आहे.

आमचा मुख्य आग्रह इथेच आहे. अपघात झाला की पहिले बोट ड्रायव्हरकडे जाते, दुसरे वीज कंपनीकडे. वास्तविक गाडी कुठे उभी करून भरायची, हे फडाच्या मालकाला सर्वांत आधी कळते. तार त्याच्या रानातून जाते, तो रोज तिच्याखालून चालतो. तेव्हा भरणीची जागा त्याने दाखवावी, आणि ती तारेच्या खाली किंवा तारेजवळ नसावी. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत क्रेनसाठी ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट अंतर ठेवायला सांगितले आहे. आपण निदान तेवढे तरी पाळावे, आणि ते अंतर भरीच्या टोकापासून, वर उभ्या माणसाच्या हातापासून धरावे, चाकापासून नव्हे. वाढे आणि मोळ्या आणखी पन्नास पावले वाहाव्या लागतील, टोळी कुरकुर करेल. करू द्या.

हीच गोष्ट बोअरमधली मोटार काढताना. वीस-वीस फुटांचे लोखंडी पाइप उभे करून बाहेर घेतात आणि बोअर नेमका डीपीच्या पायथ्याशी, कारण केबल कमी लागावी म्हणून तिथेच मारलेला असतो! तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप झटकताना उभा धरला तरी तेच. असो.

तारेला गाडी किंवा यंत्र लागलेच, तर काय करायचे हे प्रत्येक ड्रायव्हरला आणि मुकादमाला तोंडपाठ पाहिजे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो आणि माणसे नेमके उलटे करतात. ड्रायव्हरने आत बसून राहावे. आत बसलेला बहुधा वाचतो, उतरताना एक पाय जमिनीवर आणि एक हात दरवाजाला असलेला मरतो. टायर रबरी आहेत म्हणून वीज अडेल हा समज काढून टाकावा. त्या रबरात काजळी असते, तारेचे जाळे असते, मोठ्या दाबापुढे ते तग धरत नाही, पेटते आणि फुटते. शक्य असेल तर यंत्र चालवून तारेपासून बाजूला घ्यावे, पण तार गुंतलेली नसेल तरच. गाडी पेटली आणि उतरावेच लागले तर गाडीला धरून उतरू नये. दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय एकमेकांना चिकटवून, टाचेला टाच घासत, बारीक बारीक सरकत दूर जावे. लांब ढांग टाकू नये.

ढांगेचे कारण आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही. तार तुटून ओल्या रानात पडली की त्या बाजूने जाणारा बैल पडतो आणि कासरा धरून चालणारा माणूस कधी कधी वाचतो. आपण त्याला दैव म्हणतो. वीज जिथे जमिनीत शिरते तिथे दाब जास्त आणि जसजसे दूर जावे तसतसा कमी. बैलाचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत पाच फुटांचे अंतर, म्हणजे दोन पायांमधल्या दाबात मोठा फरक, आणि तेवढी वीज त्याच्या छातीतून वाहते. माणसाने लांब ढांग टाकली की तोही त्या प्रमाणात बैलासारखा होतो. नुकते पाणी दिलेल्या सरीत अनवाणी पायाने तर जास्तच. म्हणून बाकीच्यांनी निदान ३०-३५ फूट दूर थांबावे आणि दुसऱ्यालाही जवळ येऊ देऊ नये. बापाला सोडवायला मुलगा धावतो आणि एका घरातून दोन तिरड्या निघतात, हे आपल्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात घडते. काठी किंवा बांबू घेऊन तार बाजूला करायला जाऊ नये. ४४० व्होल्टच्या तारेला कोरडी काठी चालून गेली असेल, ११ हजारांपुढे बांबूचा भरवसा नाही, हिरव्या बांबूचा तर नाहीच. फोन १९१२ वर किंवा थेट उपकेंद्रावर करावा, रुग्णवाहिकेला १०८. लाइन बंद झाल्याचे नक्की कळल्यावरच माणसाला हात लावावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करावे आणि ते रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये. वाळूत पुरणे, मातीत लोळवणे यात सोन्यासारखी मिनिटे जातात. धक्का बसून उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्यावे, आतला भाजलेला भाग वरून दिसत नाही.

आता वायरमन येत नाही या तक्रारीबद्दल. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. एका माणसाकडे चार-चार गावे असतात, फोन लागत नाही, साहित्य नसते. त्याच्या हाताखाली पगाराशिवाय चढणारा झिरो वायरमन असतो, आणि गावाचा सगळा कारभार त्याच्यावर. हा पोरगा आपला सोयीचा असतो, चहावर येतो. पण तो वीज कंपनीच्या कागदावर कुठेच नाही. त्याला काही झाले तर चौकशीला येणाऱ्या विद्युत निरीक्षकापुढे सर्वांचे एकच उत्तर असते, "आम्ही त्याला चढायला सांगितले नव्हते." त्याची आई मग कोणत्या दारात जाणार? ऊस जळाला तर आपण त्याच दिवशी पंचनामा करवून घेतो, अर्ज देतो, शेतकी खात्यात ठाण मांडून बसतो. लोंबलेल्या तारेसाठी मात्र एक कागद लिहायला हात उचलत नाही. तोंडी निरोपाची नोंद कुठेच राहत नाही. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाचे काय होते तेही आम्ही जाणतो, पण हजारो सभासदांचा कारखाना पाठीशी असताना प्रत्येकाने एकट्याने का जावे? सहकार कर्ज आणि साखरेपुरताच ठेवायचा का?

आमची सूचना साधी आहे. तोडीच्या कार्यक्रमासाठी लागणीच्या नोंदी होतात, जात लिहिली जाते, क्षेत्र लिहिले जाते. त्याच वहीत आणखी एक रकाना वाढवावा, "फडात किंवा वाटेवर तार आहे काय, किती उंच." चिटबॉयने तोडीची चिठ्ठी देताना तो रकाना बघून भरणीची जागा मालकाबरोबर ठरवावी. गटवार यादी करून कारखान्याने ती हंगामाआधी वीज कंपनीच्या उपविभागीय अभियंत्याकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि कामे झाली की नाही हे संचालक मंडळाच्या बैठकीत वाचावे. केन यार्डच्या आत शिरण्याआधी रस्त्यावर ठरलेल्या उंचीची एक आडवी बांबूची कमान उभी करावी. तिला भर घासली तर त्या खेपेच्या वाहतूक बिलातून कपात व्हावी. वाहतूकदार मंडळी या सूचनेवर नाराज होतील याची आम्हांला कल्पना आहे. जादा भर म्हणजे एक खेप वाचते, डिझेल वाचते, हे खरे. पण त्या भरीवर झोपून येणारा माणूस त्यांचा नसतो, टोळीचा असतो, आणि भरलेल्या गाडीवर माणूस बसवणे तर कोणत्याही उंचीला बंदच व्हायला पाहिजे.

यादीसाठी सभासदांनी आपला गट नंबर, खांबावर नंबर रंगवलेला असल्यास तो, आणि तार साधारण किती फुटांवर आहे एवढे गट ऑफिसात लिहून द्यावे. उंची मोजायला तारेला काठी लावू नये. खांबाशेजारी दूर उभे राहून नजरेने अंदाज केला तरी चालेल. यादी दसऱ्यापर्यंत पुरी झाली तर पहिली मोळी टाकण्याआधी वीज कंपनीच्या माणसांना लाइन बंद करून फिरायला तीन-चार आठवडे मिळतात.